शिंग मुनचा भुयारी मोर्चा: हाँगकाँगच्या एका युद्धस्थळाचे परीक्षण

हाँगकाँगला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत व्हिक्टोरिया पीक, डिस्नेलँड आणि लांटाऊ बेटावरची भव्य बुद्धमूर्ती ही नावे ठरलेली असतात. गडकिल्ल्यांची ओढ असणाऱ्या माणसाने त्यात आणखी एक नाव घालावे, असे मी आग्रहाने सुचवेन. ते म्हणजे त्सुएन वान या उपनगराच्या मागच्या डोंगरात, शिंग मुन जलाशयाच्या वरच्या धारेवर ब्रिटिशांनी १९३० च्या दशकात बांधलेला शिंग मुन रिडाउट, म्हणजे शत्रूला अडवण्यासाठीचा तटबंद लष्करी मोर्चा. सुमारे बारा एकरांत पसरलेली काँक्रीटची भुयारे, त्यांच्या टोकांना मशीनगनसाठी बांधलेले पिलबॉक्स, म्हणजे जंग्या असलेल्या काँक्रीटच्या लहान खोल्या, आणि तोफखान्याला मारा दाखवून देण्यासाठी केलेले एक निरीक्षण ठाणे, असे या मोर्चाचे स्वरूप आहे. डोळ्यांना सुखावणारे येथे फारसे काही नाही. तरीही शेजारच्या सैन्याचा धोका जोखताना एका वसाहतीचे सरकार कुठे आणि कसे चुकले, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी जागा माझ्या पाहण्यात दुसरी नाही, आणि या परीक्षणात मी तिच्याकडे त्याच दृष्टीने पाहणार आहे.

कोणत्याही तटबंदीत शत्रू कुठून येईल, किती बळाने येईल आणि दिवसा येईल की रात्री, याविषयी बांधणाऱ्याने केलेला अंदाज दडलेला असतो. आपल्या गडांचा गोमुखी दरवाजा पाहिला की शत्रूला समोरून धडक मारता येऊ नये, हा विचार वळणावरच्या बुरुजांतून आपसूक कळतो. शिंग मुनलाही तसाच अंदाज वाचता येतो, मात्र त्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते. ती नसेल तर पाहणाऱ्याला अंधारी भुयारे आणि पडके काँक्रीट एवढेच दिसेल.

हाँगकाँगचे संरक्षण प्रथमपासून समुद्राकडे तोंड करून उभे होते. बेट ब्रिटिशांकडे आले ते बंदरासाठी, आणि तोफा बसवल्या गेल्या त्या बंदरात शिरू पाहणाऱ्या आरमारासाठी. १८९८ मध्ये न्यू टेरिटरीज हा प्रदेश ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला गेला, तेव्हा या वसाहतीला शेन्झेन नदीच्या काठाने खरी जमिनीवरची सरहद्द मिळाली. बराच काळ त्या नदीपलीकडे दुबळा, अंतर्गत कलहाने पोखरलेला चीन होता आणि त्याच्याकडून मोठ्या स्वारीचे भय नव्हते. ऑक्टोबर १९३८ मध्ये जपानने कँटन (आजचे ग्वांगझू) घेतले आणि पलीकडचा शेजारी बदलला. चीनमध्ये वर्षभराहून अधिक काळ लढून तयार झालेले सैन्य आता कौलूनपासून, म्हणजे बेटासमोरच्या मुख्य भूमीवरच्या शहरी भागापासून, थोड्याच अंतरावर येऊन बसले होते.

या धोक्याची चाहूल लष्कराला आधीच लागली होती. म्हणून १९३६ ते १९३८ या काळात पश्चिमेच्या जिन ड्रिंकर्स उपसागरापासून पूर्वेच्या पोर्ट शेल्टरपर्यंत, डोंगराच्या धारेधारेने सुमारे अठरा किलोमीटरची संरक्षणफळी बांधण्यात आली. तिला जिन ड्रिंकर्स लाइन म्हणतात, आणि शिंग मुन रिडाउट हा तिच्या पश्चिम भागातला कळीचा मोर्चा. परंतु फळी पुरती उभी राहते न राहते तोच ती लढवण्याइतके सैन्य आपल्याकडे नाही, हे वरिष्ठांना कळून चुकले आणि १९३८ मध्येच तिचा नाद सोडून बेटाच्या संरक्षणावर भर देण्याचे ठरले. पुढे जानेवारी १९४१ मध्ये खुद्द पंतप्रधान चर्चिल यांनी हाँगकाँग टिकवून धरण्याची किंवा त्याला कुमक पोहोचवण्याची यत्किंचितही शक्यता नसल्याचे मत नोंदवले होते. मात्र त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला कॅनडाच्या दोन पलटणी हाँगकाँगला उतरल्या आणि सेनापती मेजर जनरल ख्रिस्तोफर मॉल्टबी यांनी जुनी फळी पुन्हा लढवण्याचा निर्णय घेतला. युद्ध सुरू व्हायला तेव्हा जेमतेम तीन आठवडे उरले होते.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म या निर्णयात आहे. अठरा किलोमीटरच्या फळीसाठी तीनच पलटणी होत्या: डावीकडे दुसरी रॉयल स्कॉट्स, मध्यभागी २/१४ पंजाब (म्हणजे चौदाव्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण) आणि उजवीकडे ५/७ राजपूत. प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी सहा किलोमीटरचा डोंगराळ मुलूख आला. मागे दुसरी फळी अशी जवळपास नव्हतीच, त्यामुळे एका ठिकाणी भगदाड पडले की सगळेच उघडे पडणार होते. एवढ्या तुटपुंज्या बळावर किमान आठवडाभर तग धरता येईल, असे सेनापतींना वाटत होते. ही आशा काँक्रीटच्या जाडीवर जेवढी विसंबून होती, त्याहून जास्त ती समोरच्या सैन्याविषयीच्या समजुतींवर विसंबून होती.

त्या समजुती काय होत्या, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे. जपानी सैनिकाला रात्रीची लढाई जमत नाही, त्याची नजर अधू असते, त्याची विमाने जुनाट आहेत, चीनमधले त्याचे यश हे चिनी सैन्याच्या दुबळेपणामुळे आहे, अशा गोष्टी त्या काळच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बोलण्यात सर्रास येत. नव्याने आलेल्या कॅनेडियन पलटणींना सरहद्दीपलीकडे पाचेक हजार कमी साधनांचे जपानी सैनिक असल्याचे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात समोर तोफखाना आणि विमानदलाची जोड असलेली संपूर्ण अडतिसावी डिव्हिजन उभी होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दहा ते वीस हजार जपानी सैन्य सरहद्दीकडे येत असल्याच्या बातम्या हाँगकाँगच्या मुख्यालयापर्यंत पोहोचल्या होत्या. तरीही ७ डिसेंबरच्या अहवालात या बातम्या अतिशयोक्त असून जपान्यांनीच त्या मुद्दाम पसरवल्या असाव्यात, किंबहुना जपानीच आपल्यावर हल्ला होईल या धास्तीत दिसतात, असा निष्कर्ष काढला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जपानी सैन्याने सरहद्द ओलांडली आणि कैतक विमानतळावर असलेली मोजकी पाच लष्करी विमाने पहिल्याच हल्ल्यात निकामी झाली.

यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की माहिती अजिबात नव्हती असे म्हणता येत नाही. हाँगकाँगच्या लष्करी गुप्तवार्ता विभागात मेजर चार्ल्स बॉक्सर यांच्यासारखा अधिकारी होता, जो उत्तम जपानी जाणत होता आणि जपानमध्ये तिथल्या पलटणीबरोबर राहून आला होता. शेजाऱ्याची भाषा, त्याच्या छावणीतली शिस्त आणि त्याच्या अधिकाऱ्यांचे स्वभाव माहीत असलेली माणसे हाताशी असूनही एकूण अंदाज तोच राहिला. आलेली प्रत्येक बातमी आधी ठरवून ठेवलेल्या मतात बसवली गेली, आणि जी बसली नाही तिला अफवा ठरवले गेले.

आता प्रत्यक्ष जागेकडे वळू. त्सुएन वानहून ८२ क्रमांकाची मिनीबस पायनॅपल डॅमपर्यंत सोडते. तिथून जलाशयाच्या काठाने मुख्य धरणापर्यंत निवांत चालत जाता येते. हे धरण १९३७ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे संरक्षणफळी आणि शहराचा पाणीपुरवठा ही दोन्ही कामे एकाच सुमारास एकाच खोऱ्यात चालू होती. धरण संपले की मॅक्लेहोज ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेच्या सहाव्या टप्प्याची चढण लागते आणि थोड्याच वेळात झाडीतून काँक्रीटच्या कडा दिसू लागतात. चढण अवघड नाही. सिंहगड सहज चढणाऱ्याला तर ती जाणवणारही नाही. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, दरवाजा नाही, पहारेकरी नाही. वाटेवर माकडांचा सुळसुळाट आहे आणि त्यांना खायला घालणे कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा खाऊच्या पिशव्या हातात न ठेवता पाठीवरच्या सॅकमध्ये बंद ठेवाव्यात.

भुयारांच्या तोंडाशी काँक्रीटमध्ये कोरलेली लंडनच्या रस्त्यांची नावे आजही वाचता येतात: शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू, चेअरिंग क्रॉस, रीजंट स्ट्रीट, पिकॅडिली, हेमार्केट. अंधारात चुकायला होऊ नये म्हणून सैनिकांनी ओळखीची नावे वापरली, यात नवल नाही. आत शिरल्यावर दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकणार नाहीत इतका चिंचोळा बोळ आहे, उंच माणसाला जागोजागी मान वाकवावी लागते आणि पायाखाली ओली माती असते. बोळात काही अंतरावर छतातून वर जाणारी हवेची झरोकावजा विवरे आहेत. त्यांतल्या एकाखाली मी विजेरी बंद करून उभा राहिलो. वरून उजेडाचा चौकोनी झोत थेट पायाशी पडत होता, विवराच्या कडेने झाडाची मुळे खाली उतरली होती आणि पाठीमागचा बोळ सरळ असल्याने लपायला आडोसा म्हणून कुठेच नव्हता. ९ डिसेंबरच्या रात्री जपानी सैनिकांनी अशाच विवरांतून हातबॉम्ब आत टाकले. ते वाक्य मी आधी कितीदा तरी वाचले होते, पण आतल्या माणसाची कोंडी कशी झाली असेल ते त्या झोतात उभे राहिल्यावर लक्षात आले. हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेले छिद्र कुणी वर चढून आले तर काय होईल, याचा विचार आराखड्यात केलेला दिसत नाही, कारण कुणी तिथवर चढून येईल हेच गृहीत धरलेले नव्हते.

बाहेर येऊन पिलबॉक्सच्या जंग्यांतून पाहिले की दुसरी उणीव दिसते. मारा करण्याची दिशा प्रत्येकाला ठरवून दिलेली आहे, पण मधल्या उतारांवर आणि घळींत कुणाचीच गोळी पोहोचत नाही, आणि एक पिलबॉक्स दुसऱ्याच्या छताचे रक्षण करू शकत नाही. अशा रचनेला भुयाराबाहेर उघड्यावर गस्त घालणारे भरपूर पायदळ लागते. त्या रात्री मात्र एवढ्या मोठ्या मोर्चात चाळिशीच्या आसपासच माणसे होती. त्यातच रॉयल स्कॉट्स पलटणीला हिवतापाने पोखरले होते. धरणावरून खालच्या खोऱ्याकडे पाहताना हे सहज पटते. दाट झाडी, साचलेले पाणी आणि दमट हवा यांमुळे डासांना तिथे रान मोकळे होते.

हल्ला करणारे कर्नल दोइ तेइहिची हे अडतिसाव्या डिव्हिजनच्या २२८ क्रमांकाच्या रेजिमेंटचे प्रमुख होते. शिंग मुनचा मोर्चा त्यांच्या हद्दीत येतही नव्हता. तो शेजारच्या २३० क्रमांकाच्या रेजिमेंटच्या वाट्याचा होता. जपानी वरिष्ठांनाही ही फळी तोफखान्याच्या तयारीनंतर, सावकाश आणि पद्धतशीरपणेच फोडावी लागेल असे वाटत होते. दोइ यांनी मात्र ९ तारखेला समोरच्या डोंगरावरून पाहणी केली, पहारा विरळ असल्याचे हेरले आणि त्याच रात्री हल्ला करण्याचे ठरवले. रबरी तळव्यांचे बूट घातलेले त्यांचे सैनिक आवाज न करता खोऱ्यातून वर चढले, त्यांनी काटेरी तारा कापल्या आणि पहाट होण्यापूर्वी मोर्चाचा बहुतेक भाग ताब्यात घेतला. मुख्यालयाने मर्यादा ओलांडल्याबद्दल त्यांना मागे फिरण्याचा आदेश दिला, तो त्यांनी मानला नाही. शत्रूच्या ताकदीविषयी अंदाज जपानी बाजूनेही बांधला होता. फरक एवढाच, की तो चुकीचा आहे असे डोळ्यांनी दिसताच तो बदलण्याची धमक त्यांच्या एका अधिकाऱ्यात होती.

पुढच्या घटना झपाट्याने घडल्या. ११ तारखेला गोल्डन हिलचा डोंगर हातचा गेला, त्याच दिवशी मॉल्टबी यांनी मुख्य भूमी सोडण्याचा हुकूम दिला, १३ तारखेला शेवटचे सैनिक बेटावर पोहोचले आणि २५ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँगने शरणागती पत्करली. युद्धानंतर, जानेवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अधिकृत वृत्तांतात मॉल्टबी यांनी जपान्यांच्या रात्रीच्या हालचालींची, गस्ती तुकड्यांच्या कौशल्याची आणि त्या रबरी बुटांचीही दखल घेतली. जे अहवालात युद्धाआधी यायला हवे होते ते सहा वर्षांनी छापून आले.

मराठी वाचकाने येथे भारतीय पलटणींची आठवण ठेवलीच पाहिजे. सरहद्दीवर जपानी सैन्याशी पहिली गाठ पडली ती मेजर ग्रे यांच्या हाताखालच्या २/१४ पंजाबच्या तुकडीची. पूल उडवत, जागोजागी दबा धरून मारा करत ही तुकडी मागे सरकली आणि तिने शत्रूचे नुकसान करून मौल्यवान वेळ मिळवून दिला. शिंग मुन पडल्यावर रॉयल स्कॉट्स आणि पंजाब यांच्यामधली फट बुजवली ती स्मगलर्स रिज या डोंगरधारेवर आणून उभ्या केलेल्या ५/७ राजपूतच्या एका कंपनीने. कौलूनच्या बाजूने सर्वांत शेवटी माघार घेतली तीही डेव्हिल्स पीक या पूर्वेकडच्या डोंगरावर पाय रोवून राहिलेल्या राजपुतांनीच. मोर्चापासून स्मगलर्स रिजच्या दिशेने थोडे पुढे चालत गेल्यास ही जागा दिसते, आणि पुढे का जावे याचे हेच उत्तर आहे.

जागेविषयी माझी मुख्य तक्रार माहितीची आहे. वाटेवर फलक आहेत आणि त्यांवरचा मजकूर नेटका आहे, परंतु तो घटनाक्रमापुरता आहे. मोर्चा इथे का बांधला, तो किती माणसांसाठी होता आणि प्रत्यक्षात किती होती, समोरच्या सैन्याविषयी काय समजूत होती, यांविषयी तिथे उभ्या असलेल्या माणसाला फारसे काही कळत नाही. भारतीय पलटणींचा उल्लेखही ओझरताच आढळला. दुसऱ्या बाजूला सारे जसेच्या तसे ठेवले आहे, ही मोठीच जमेची बाजू. रंगरंगोटी नाही, पुतळे नाहीत, ध्वनिप्रकाशाचा खेळ नाही. फक्त फळीचा एक मोठा नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या सैन्याचे बलाबल दाखवणारा एक फलक लावला, तरी पाहणाऱ्याच्या हाती कितीतरी जास्त लागेल.

ही उणीव भरून काढायची असेल तर आधी हाँगकाँग बेटावरच्या शाऊ केइ वानचे संग्रहालय पाहावे. १८८७ च्या लेइ यू मुन किल्ल्यात वसवलेले हे संग्रहालय पूर्वी केवळ किनारा संरक्षणाचे होते. २०२४ मध्ये ते जपानविरोधी प्रतिकार युद्ध आणि किनारा संरक्षण यांचे संग्रहालय म्हणून नव्याने उघडले. मांडणी उत्तम आहे आणि ब्रेनन टॉर्पेडोचे (किनाऱ्यावरून तारांनी चालवल्या जाणाऱ्या जुन्या पाणतीराचे) ठाणे तर तांत्रिक गोष्टींत रस असणाऱ्याने चुकवू नये. पण त्या किल्ल्याच्या प्रत्येक तोफेचे तोंड पाण्याकडे आहे. शतकभराचे लक्ष आणि पैसा कोणत्या दिशेला खर्च झाला ते तिथे दिसते, आणि दुसऱ्या दिवशी शिंग मुनला गेल्यावर उरलेल्या दिशेला काय आले ते दिसते. म्हणून हा क्रम उलटा करू नये.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे ते सप्टेंबरमध्ये उकाडा, पाऊस आणि डास यांनी जीव नकोसा होतो. प्रत्येकाकडे स्वतंत्र विजेरी असावी, कारण मोबाइलचा उजेड बोळाच्या वळणांवर पुरत नाही. पायात खोल खाचांचे बूट असावेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि बंदिस्त जागेत घाबरणाऱ्यांनी भुयारात न शिरता वरूनच पिलबॉक्स पाहावेत. त्यानेही बरेचसे समजते. लहान मुलांना आत नेऊ नये, कारण जमिनीच्या पातळीवरची काही विवरे उघडी आहेत आणि गवतात ती पटकन दिसत नाहीत. संपूर्ण फेरीला अर्धा दिवस हाताशी ठेवावा आणि शक्य असल्यास परतताना आल्या वाटेने न येता स्मगलर्स रिजवरून ताय पो रोडच्या बाजूला उतरावे, म्हणजे राजपुतांनी धरून ठेवलेली धार पायाखालून जाते आणि खाली बसही मिळते.